जात मुचलका

गडचिरोलीच्या कोर्टाचं छत त्या आषाढात गळत होतं आणि गळतीखालची बादली रिकामी करणं हे देवाजी पट्टेवाल्याच्या कामांत नव्याने जमा झालं होतं. बादली घेऊन तो व्हरांड्यात आला, तर गिरजा वाटेतच उभी.

तिचा नवरा इस्तारी धान सोसायटीच्या गोदामाचा चौकीदार. गोदामातलं धान कागदावर होतं, गोदामात नव्हतं. म्हणून सोसायटीचे अध्यक्ष बापूजीसेठ आणि इस्तारी, दोघेही एकाच खटल्यात आरोपी झाले होते. सेठ सकाळी मोटारीने आले. वकिलाने आधी त्यांची प्रतिष्ठा सांगितली, मग दमा सांगितला, आणि सेठ चहाच्या आत घरी गेले. इस्तारीला मात्र ऐपतदार जामीनदार आणायचा हुकूम झाला, तोवर कोठडी. धिवरांच्या टोलीत, त्या मासेमारांच्या वस्तीत, ऐपतदार कोण निघणार? इकडे रोवण्याचे, भातलावणीचे दिवस. पऱ्ह्यांतली रोपं वाढून चालली होती आणि इस्तारीची बांधी, त्याचं भाताचं खाचर, तशीच पडली होती.

"भाऊ, सेठ कसा सुटला?" गिरजाने विचारलं.

"जात मुचलक्यावर."

"मंग आमाले काऊन नाई?"

"मांगा ना बाई. कोन नाई म्हनते?" देवाजी म्हणाला आणि बादली ओतून आत गेला. दिवसभरात असं तो बऱ्याच जणांना सांगे.

गिरजाने मागितलं. कोर्टाकडे नव्हे, जातीचा मुखिया केवळराम याच्याकडे. सेठाला त्याच्या जातीने सोडवलं, असं तिने सांगितलं. केवळराम म्हणाला, आपली जात का मेली हाये?

पुढच्या तारखेला कोर्टाचं आवार भरून गेलं. बाया, म्हातारे, कडेवरची लेकरं, फडक्यात बांधलेल्या भाकरी. कोणाची मयत आहे, असं देवाजीने विचारलं.

"मयत नाई, मुचलका," केवळराम म्हणाला. "जात आनली. मोजून घ्या."

तेवढ्यात पाऊस आला आणि सारी जात व्हरांड्यात शिरली. एका वकिलाची चप्पल गेली. एका फिर्यादीला गर्दीत आपलाच पुकारा ऐकू गेला नाही आणि त्याची फिर्याद निकालात निघाली. शेवटी देवाजीने इस्तारीच्या नावाचा पुकारा केला, तर अख्खा व्हरांडा म्हणाला, "हाजिर."

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी केवळरामला आत बोलावून शांतपणे समजावलं. इथे जात म्हणजे स्वतः. तारखेला येईन, असं आरोपीने स्वतःच लिहून द्यायचं.

"म्हंजे सेठ सोताच म्हनला, मी येतो?"

"हो."

"आन् तुमी आयकलं?"

साहेबांनी चष्मा पुसला. "इस्तारी बी सोताच हाये, साहेब," केवळराम म्हणाला. "त्याचं बी आयका. नाई तं आमी बसून राहातो."

साहेबांनी व्हरांड्याकडे पाहिलं, मग टेबलावरच्या फायलींकडे. इस्तारी जात मुचलक्यावर सुटला. कायद्याने सुटला की गर्दीने, हे विचारण्याइतकं त्राण देवाजीत उरलं नव्हतं. व्हरांड्यातला चिखल त्यालाच काढायचा होता.

रोवणा आटोपला आणि पुढची तारीख आली. इस्तारी हजर. मागे सारी जात, कारण मुचलका दिला म्हणजे दिला. देवाजीने पाण्याचे दोन माठ आधीच भरून ठेवले होते. मग बापूजीसेठांचा पुकारा झाला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. मोटार आली नाही. वकील कागद घेऊन उभे राहिले. सेठ दम्याच्या इलाजासाठी मुंबईला गेले आहेत, परत कधी येतील ते सांगता येत नाही.

साहेबांनी देवाजीला बाहेर पाहून यायला सांगितलं. तो दारापर्यंत गेला असेल-नसेल, तोच बाहेरून केवळरामचा आवाज आला.

"पाहू नोका, देवाजीभाऊ. सेठाची जात आली नाई."

कारकुनाने टाक उचलून विचारलं, काय लिहायचं?

साहेबांनी फायल पुढे ओढली.

"लिहा," ते म्हणाले. "आरोपी नंबर एक, जातीने गैरहजर. आरोपी नंबर दोन, जातीसह हजर."