इल्झेची परीक्षा

परीक्षेला नऊ दिवस उरले असताना डॉक्टर बेलिसारिओंनी इल्झेला विचारलं, "तयारी कुठवर आली? जरा बोलून दाखव बरं. समज, मी पेशंट आहे आणि माझं पोट दुखतंय."

इल्झेने खुर्ची पुढे ओढली. "आरं बाबा, काल राती काय गिळलंस ते खरं सांग. शेंगा खाल्ल्यास न्हवं? ऱ्हाऊ दे, तोंडावरनंच कळतंय. हो हितं आडवा."

डॉक्टर आडवे झाले नाहीत. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हे कुठे शिकलीस?"

"हितंच, गावात. का? माजं इटालियन चुकतंया?"

"चुकत नाहीये. ते इटालियनच नाहीये."

इल्झे लाटव्हियाची. तिकडे ती सहा वर्षं नर्स होती. इटलीतल्या आमच्या मोंतेफाल्दो गावात ती तीन आठवड्यांच्या सुट्टीवर आली, त्याला आता दीड वर्ष झालं होतं. दवाखान्यातली जुनी नर्स निवृत्त झाल्यापासून ती जागा रिकामी होती. आठवड्यातून दोनदा येणारे डॉक्टर पट्ट्या स्वतःच बांधायचे आणि त्या रस्त्यातच सुटायच्या. इल्झेला ती नोकरी मिळण्यात एकच कागद आडवा येत होता. तिला इटालियन येतं, असा दाखला हवा होता.

शिकवणीचे वर्ग शहरात. शहराची बस दिवसातून एकदा जाते आणि मनात आलं तर परतही येते. म्हणून इल्झेने ओर्तेन्सियामावशीच्या दारात खुर्ची टाकली. मावशी त्र्याऐंशी वर्षांची, शेजारीण झाइरा तिच्याहून दोन वर्षांनी मोठी. वर्षभर तिघींनी मिळून घेवडा सोलला आणि तेवढा वेळ तोंडंही चालू ठेवली. इल्झे बोलली की गाव खूश होऊन हसायचं. आपला परदेशी उच्चार ऐकून हसतात, असं तिला वाटायचं. ती आमच्या पणज्यांची बोली बोलतेय, हे तिला कोणी सांगितलंच नाही. सांगेल कोण? सुट्टीत येणाऱ्या आमच्या नातवंडांना त्या बोलीतलं अक्षर कळत नाही आणि ही परकी पोर त्यात भांडूसुद्धा शकत होती.

डॉक्टर उत्तरेकडचे आणि नवीन आलेले, म्हणून निदान त्यांच्या तरी ते लक्षात आलं.

इल्झे तडक मावशीकडे गेली. "मावशे, तू मला इटालियन शिकीवलंच न्हाईस."

"तू कवा मागितलंस? बोलाया शिकीव म्हनालीस, म्या बोलाया शिकीवलं." मावशीने घेवड्याची टोपली बाजूला सारली. मग तिने विचारलं, "नोकरी हातची जाईल का गं तुजी?"

"जाईल."

"मग उद्यापास्नं या गावात बोली बंद."

अडचण अशी की मावशीने शुद्ध इटालियन दोनच ठिकाणी ऐकलं होतं. एक, दुपारच्या बातम्यांत. दुसरं, रविवारी चर्चमधल्या प्रवचनात. दुसऱ्या दिवशी इल्झे दारात आली तेव्हा मावशी ताठ बसली होती. "हाती आलेल्या माहितीनुसार, आज पहाटे माझ्या कोंबडीने एक अंडे दिले. जीवितहानी नाही."

"हे कन्ये, टोपली उचल," झाइराने पुस्ती जोडली, "आणि अंतःकरणपूर्वक घेवडा सोल."

बेकरीत पाव संपल्याचं सूत्रांकडून समजू लागलं. चौथ्या दिवशी बारमधला पत्त्यांचा डाव मोडला, कारण शुद्ध भाषेत भिडूला शिव्या कशा घालायच्या, हे कुणालाच येत नव्हतं. पण गाव मागे हटलं नाही. परीक्षेच्या दिवशी सगळे बसपर्यंत पोचवायला आले आणि इल्झेसाठी अत्यंत औपचारिकपणे हात हलवत उभे राहिले.

परीक्षेला समोर दोघीजणी होत्या. एक प्रश्न विचारणारी, दुसरी लिहून घेणारी.

"स्वतःविषयी सांगा."

"माझे नाव इल्झे. मी मूळची लाटव्हियाची. अधिक तपशिलाची प्रतीक्षा आहे."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. "बरं. आता समजा, मी ऐंशी वर्षांचा म्हातारा आहे. रक्तदाबाची गोळी घ्यायला तयार नाही. मला समजवा."

"बंधो, आपण गोळीचा स्वीकार करावा."

"नाही करणार."

"तज्ज्ञांनी याबाबत चिंता व्यक्त केली आहे."

"तज्ज्ञ गेले खड्ड्यात. मी आजवर कुणाचं ऐकलेलं नाही."

इथे इल्झेचा बांध फुटला. वर्षभरात असले म्हातारे तिने डझनभर पाहिले होते. ती उठली, एक हात कंबरेवर ठेवला आणि टेबलावर वाकली. "आरं ए, कुनाचं ऐकलं न्हाईस म्हनूनच ही गत झालीया तुजी. उद्या शेतात आडवा पडलास तर शेळीला चारा कोन घालंल, तुजा बा? टाक ती गोळी तोंडात. आता पानी पी. सगळं."

बाईंनी समोरचा पेला उचलला आणि रिकामा केला. दुसरीचं लिहिणं थांबलं होतं.

"तुम्ही आत्ता जे बोललात," बाई पेला खाली ठेवत म्हणाल्या, "त्यातलं निम्मं मला कळलं नाही."

"माफ करा," इल्झे खाली बसत म्हणाली.

"पण गोळी मी घेतली असती."

इल्झे काठावर पास झाली. निकालाच्या कागदावर खाली हाताने शेरा होता, "बातम्या कमी ऐकाव्यात."

नोकरीच्या पहिल्या सकाळी पहिला नंबर ओर्तेन्सियामावशीचा होता. ती चर्चला जायचा काळा पोशाख घालून आली होती. "परिचारिका महोदया, माझ्या डाव्या गुडघ्यात वेदना उद्भवली आहे."

"हे काय गं मावशे?"

मावशीने आवाज खाली आणला. "आता तू सरकारी मानूस झालीस. सरकारसंगं असंच बोलत्यात."

"सरकार गेलंय जेवाया. पाय वर घे आन् सांग, कवापास्नं दुखतंय."

मावशीने मोठा श्वास सोडला, पाय स्टुलावर टाकला आणि तिच्या लग्नाच्या वरातीत बिथरलेल्या खेचरापासून सुरुवात केली. खेचराचा रंग खिडकीबाहेरच्या रांगेने दोनदा दुरुस्त केला. वीस मिनिटांनी आतल्या खोलीतून डॉक्टर बेलिसारिओ डोकावले. बराच वेळ त्यांनी कान देऊन ऐकलं, पण काही उमगेना. शेवटी ते त्या लाटव्हियाच्या पोरीकडे वळून हळूच म्हणाले, "जरा मला इटालियनमध्ये सांगशील का?"