कवळी, साय आणि अवकाशयान

ज्या वर्षी आमच्या नातीचं, बेगाइमचं, लग्न झालं ते वर्ष मी विसरणं शक्य नाही. त्या लग्नाच्या पंगतीत माझ्या बायकोचा, अनिपाचा, शेवटचा पुढचा दात घोड्याच्या सुक्या मांसात रुतला आणि तिथंच राहिला. नवरी सासरी गेली, दातही गेला! साल दोन हजार पंधरा.

आणि त्याच वर्षी मी छाती ठोकून म्हणालो, "आमची म्हातारी ना? एका झटक्यात वाजवेल!"

हे म्हणालो तालायला. तालाय दिवसभर बिश्केकच्या बाजारात चष्मे विकतो, आणि उरलेला जीव त्यानं एका जुन्या सिनेमाला वाहिलाय. परग्रहावरचं यान आमच्या इस्सिक-कुल तलावात उतरतं, असा तो सिनेमा. तो बनला तेव्हा मी स्टुडिओचा ट्रक चालवायचो. यानाचा पत्रा मीच वाहून नेला होता! यान उतरताना जे वाजतं ते मात्र अनिपाचं. लोखंडी कोमुझ म्हणजे मुठीत मावेल एवढं वाद्य. ते दातांना टेकवायचं, पाती बोटानं छेडायची आणि सूर तोंडाच्या पोकळीत घडवायचा.

पुढं सिनेमाच्या संगीताची तबकडी निघाली, तीही अर्धीमुर्धी. अनिपाचा तुकडा गाळलेला आणि मागं छापलेलं, 'लोकवाद्यवृंद'.

"वृंद म्हणजे मी एकटीच!" तबकडीवरची धूळ पुसताना ती दर वेळी म्हणायची.

तालाय आणि देशोदेशीचे त्याचे दोस्त मिळून त्या संगीताची स्वतःच एक पूर्ण आवृत्ती करत होते. काम गोधडी शिवण्यासारखं. जिथं नायक संगीतावर बडबडतो तिथं बल्गेरियन भाषेत डब केलेली प्रत घ्यायची, कारण तिथला नायक जरा उशिरा तोंड उघडतो. बल्गेरियन प्रतीत दार आपटलं की हंगेरियन शोधायची. असं करत सगळी गोधडी जुळली होती.

"पण यान पाण्याला टेकतं तिथं भोक राहिलंय, अक्साकाल," तालाय रडकुंडीला आला होता. आमच्याकडे वडीलधाऱ्या पुरुषाला अक्साकाल म्हणतात आणि बाईला आपा. "चहाचा एक घोट होईल एवढंच. पण सगळ्या भाषांत नायक तिथंच खोकतो हो!"

"खोकणारच. शूटिंगभर नाक गळत होतं मेल्याचं!"

"आपांनी तेवढंच पुन्हा वाजवलं तर? हात तेच, कोमुझ तेच..."

तेव्हा मी छाती ठोकली. आतून आवाज आला, "आणि दात? दात काय तुमचे लावू?"

अनिपा रुमालाला हात पुसत बाहेर आली. "वाजवीन. पण माझं नाव घालायचं, बापाच्या नावासकट. आणि सूर शेवटपर्यंत घ्यायचा. सिनेमावाल्यांनी त्याची शेपटी कापली होती."

"आपा, आमचा नियम असा आहे, की सिनेमात जे नाही ते आम्ही—"

"मग खोकू दे तुझ्या नायकाला!"

तालायनं नियम खिशात घातला.

ठरल्या दिवशी तो रेकॉर्डिंगचं यंत्र घेऊन आला. पण आमच्या घरात भाकरी मोडल्याशिवाय पाहुण्याला यंत्राची पेटी उघडता येत नाही. म्हणून टेबलावर चहा, भाकरी, जर्दाळूचा मुरंबा आणि सायीचा मोठा वाडगा मांडला. मग तळहात पसरून आशीर्वाद मागितला आणि तालायनं माइक लावला.

पहिल्यांदा अनिपानं कवळीशिवाय वाजवलं. गोणीत कोंडलेली घूस जसा आवाज काढेल, तसा आवाज आला! मग नवी कवळी घातली. सुरामागोमाग टक्, टक्! घोडा फरशीवर चालावा तसं.

आता अक्कल चालवायची पाळी माझी. अंगणातल्या जर्दाळूच्या झाडाचा डिंक आणला आणि कवळी पक्की चिकटवली. इतकी पक्की, की बिचारीला मला शिव्या द्यायलाही तोंड धड उघडेना! संसारात पहिल्यांदाच मी दोन घास शांतपणे खाल्ले. मग तिनं वर चहाचे गरम घोट घेतले आणि डोळ्यांनीच म्हणाली, चला.

आणि तिनं वाजवलं.

मी हसायचं विसरलो. स्टुडिओतल्या त्या दिवशी ती अशीच बसली होती, मांडीवर आमची थोरली, सूर ऐकून डोळे मोठे केलेली. तोच सूर आता या खोलीत फिरत होता, जरा थकलेला, पण वाट न चुकलेला. खोकल्याची जागा गेली, कापलेल्या शेपटीची जागा आली. अनिपानं पाती शेवटची छेडली, आणि गरम चहानं मऊ झालेल्या डिंकानं दगा दिला! कवळी सुटली ती थेट सायीच्या वाडग्यात.

डुब्ब!

तालाय कानाला हेडफोन लावून डोळे मिटून बसला होता. डोळ्यांत पाणी! "आपा! तो शेवटचा डुब्ब... यान साक्षात पाण्यात उतरलं! कसा काढलात?"

अनिपानं बोळक्या तोंडानं वाडग्याकडे बोट दाखवलं. तालायनं वाडग्यात पाहिलं. मग स्वतःच्या हातातल्या, साय माखलेल्या भाकरीकडे पाहिलं.

तोंड धुऊन आल्यावर म्हणाला, "तेवढा डुब्ब कापतो."

पण तो सुराच्या शेवटात असा बुडालेला, की कापला तर सूरही जायचा.

"शेपटी कापायची नाही," कवळी धूत अनिपा म्हणाली, "ठरलंय आपलं."

गोधडी इंटरनेटवर गेली. अभिप्राय आले. तालाय ते आमच्या भाषेत मोठ्या अक्षरांत लिहून आणायचा आणि मी अक्षराखाली बोट धरून अनिपाला वाचून दाखवायचो. चाळिशीत मला अक्षरओळख तिनंच करून दिली होती, आता मोतीबिंदूनं तिलाच दिसेना. एका जर्मन माणसानं तीन परिच्छेद लिहिले, की डुब्ब मूळ सिनेमातलाच असून आजवर दडवला गेला. ओम्स्कचा एकजण गरजला, "फसवणूक! हा कुठल्यातरी स्वयंपाकघरातला आवाज आहे!" दोघांची अशी जुंपली की तालायला मध्ये पडावं लागलं.

"त्या ओम्स्कवाल्याचं पुन्हा वाचा," अनिपा म्हणाली. "तो एकटाच नीट ऐकतोय."

सगळ्यांत वर मात्र एक ओळ होती: 'लोखंडी कोमुझ – अनिपा जुमाबाय-कीझी', म्हणजे जुमाबायची लेक. ती मला रोज चहानंतर वाचावी लागे.

"आहे ना अजून?"

"आहे."

"वृंद नाही ना लिहिलं कुणी?"

"नाही गं. तू एकटीच."

परवा तालायचा फोन आला. डुब्ब नेमका कशातला, असं जपानहून कुणी विचारलं होतं. "लिही, सायीतला. गाईच्या," मी म्हणालो. त्यानं लिहिलं. थट्टा करतोस म्हणून त्यालाच चार शब्द ऐकावे लागले!

अनिपा दोन हजार सतरा सालच्या ऑक्टोबरात, अंगणातली सफरचंदं उतरवून झाल्यावर, वारली.