डाव्या डोळ्याचा जीव

"धवलला जमतं, तर मला न जमायला काय झालं? माझे डोळे काय उलटे बसवलेत?" सन्मतीनं मिरजेतल्या आपल्या दुकानात, ठिबकच्या नळ्यांसमोर, अशी घोषणा केली. ऐकायला नळ्याच होत्या, त्यामुळे कुणी हरकत घेतली नाही.

धवल म्हणजे सन्मतीचा सांगलीचा साडू, बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. तो सन्मतीच्या डोळ्यात पहिल्यापासून खुपायचाच. पण मेहुण्याच्या साखरपुड्याला तो चष्म्याशिवाय आला आणि खुपणं फारच वाढलं.

"दाजी, लेन्स घातलीसा व्हय? धा वर्सांनी ल्हान दिसाय लागलाय की!" श्रद्धा म्हणाली. श्रद्धा, म्हणजे सन्मतीची स्वतःची बायको! बारा वर्षांच्या संसारात सन्मतीच्या दिसण्याबद्दल तिनं एकदाच मत दिलं होतं: "शर्टाचं बटण तुटलंय." त्या दिवशी सन्मतीला बासुंदी कडू लागली. तीन वाट्या खाल्ल्या, तिन्ही कडू!

मेहुण्याचं लग्न रविवारी. दोन्ही जावई शेजारी शेजारी बसणार, फोटो निघणार. त्या दिवशी श्रद्धाच्या तोंडून "आवं, किती छान दिसताय" हे चार शब्द निघाले पाहिजेत, एवढंच त्याला हवं होतं.

तो गुपचूप डोळ्याच्या डॉक्टरकडे गेला. तिथल्या मुलीनं सगळं नीट शिकवलं. "हात साबणानं धुऊन कोरडे करायचे. डावी-उजवी बदलायची नाही. घालून झोपायचं नाही. डोळा लाल झाला की लगेच काढायची आणि इकडं यायचं. आणि लेन्सला पाणी अजिबात लावायचं नाही. फक्त हे सोल्यूशन, तेही रोज नवं."

सन्मती मान डोलवत होता, पण मनात धवलचा पडलेला चेहरा बघत होता. पाण्याचं वाक्य त्यातच कुठंतरी सांडलं.

लेन्सची डबी आणि बाटली त्यानं दुकानातच लपवली. पहिल्या दिवशी एक लेन्स बसवायला पाऊण तास लागला! व्हॉल्व्ह घ्यायला आलेलं गिऱ्हाईक त्याचे वाहणारे डोळे बघून हळूच म्हणालं, "शेठ, कोण गेलं वो?" पण शुक्रवारपर्यंत हात बसला. शनिवारी तर तो आरशात स्वतःवर इतका खूश झाला, की संध्याकाळी तसाच घरी आला. डबी आणि बाटली राहिली दुकानात, बारा किलोमीटरवर! श्रद्धा हळदीसाठी आधीच माहेरी गेली होती, घरी फक्त आई, चंदनबालाबाई.

घालून झोपायचं नाही, हे सन्मतीला पक्कं आठवत होतं. त्यानं दोन वाट्या घेतल्या आणि माठातलं पाणी ओतलं. त्यांच्या घरचं पाणी म्हणजे साधं पाणी नव्हे! विहिरीचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळून, वर उकळलेलं. गावात जैन मुनिमहाराज आले की त्यांच्या आहाराला हेच पाणी. शिवाय सन्मती स्वतः ठिबकचे फिल्टर विकणारा. "म्हाराजांना चालतंय ते माझ्या डोळ्याला चालणार न्हाई व्हय?" असं म्हणून त्यानं डावीकडच्या वाटीत डावी आणि उजवीकडच्या वाटीत उजवी लेन्स सोडली.

सकाळी बघतो तर डावी वाटी पालथी!

"आई, हितलं पाणी?"

"उघडं पडलं हुतं. गाळलं. तर फडक्यावर जीव, सन्मती! गोल, काचंवाणी, नुसता थरथरत हुता बिचारा."

"मग?"

"मग काय? ज्या विहिरीचा, त्या विहिरीत सोडला सुखरूप." फडक्यावर राहिलेला जीव त्याच्या पाण्यात परत पोचवायचा, हा चंदनबालाबाईंचा लग्नापासूनचा नेम. "दुसऱ्या वाटीत जोडीदार हाय त्येचा. त्यालाबी सोडून येते. एकटा झुरंल."

"आई, लेन्स हाय ती! डोळ्यात घालायची!"

"जीव डोळ्यात घालतोस?" चंदनबालाबाईंनी कानांवर हात ठेवले.

सन्मती विहिरीकडे धावला. विहीर दिसली, लेन्स दिसली नाही. पण माघार घेईल तर तो साडू कसला! उरलेली उजवी लेन्स त्यानं पाण्यातून काढून तशीच डोळ्यात बसवली. निम्मा का होईना, तरुण दिसू!

कार्यालयात उजव्या डोळ्याला लग्न दिसत होतं, डाव्याला धुकं. सासरे आप्पासो समजून तो ज्यांच्या पाया पडला, ते झारा हातात घेऊन म्हणाले, "पाव्हणं, भात शिजायचाय अजून." आचारी! तेवढ्यात उजवा डोळा चुरचुरायला लागला, लाल झाला, घळाघळा वाहायला लागला. पाहुणे हळहळले. "जावई किती हळवा हाय बगा!"

खांद्यावर हात पडला. धवल! आणि त्याच्या नाकावर चष्मा! काळ्या फ्रेमचा, गोल काचांचा.

"लेन्स घालून झोपलो गड्या, दोन्ही डोळं सुजलं. डॉक्टरनं म्हैनाभर बंद केल्यात. तुझं काय?"

सन्मतीनं पाण्याची हकीकत सांगितली. धवलचा चेहरा उतरला. गेला आठवडाभर सन्मती ज्याची वाट बघत होता, तोच हा पडलेला चेहरा. पण आता त्यात काही मजा वाटेना.

"आरं, गाळ न्हाईतर उकळ, पाणी त्ये पाणीच! त्यातनं डोळ्यात असलं काय शिरतंय की नजर जाईल. काढ आधी!"

धवलनं त्याला साबणानं हात धुवायला लावले, पुसायला लावले, लेन्स काढायला लावली. ती टाकून दिली आणि गाडीत घालून त्याला जवळच्या दवाखान्यात नेलं. औषध मिळालं. खिशातला जुना चष्मा लावताना सन्मतीला साडू पहिल्यांदाच देवमाणूस वाटला. चांगला अर्धा तास वाटला.

कारण परतल्यावर दारातच श्रद्धा भेटली. दोन्ही जावई चष्म्यात! सन्मतीनं पोट आत घेतलं, श्वास धरला.

"आगं बाई!" ती म्हणाली. "दाजी, ह्यो चष्मा किती शोभतोय तुमाला! एकदम कलेक्टर!" मग तिची नजर सन्मतीकडे वळली. "आनि तुमी कशाला रडताय? लगीन माझ्या भावाचं हाय."

सोमवारी मिरजेच्या डॉक्टरांनी डोळा तपासला. "वेळेवर काढलीत म्हणून वाचलात. महिनाभर लेन्स नाही. मग पुन्हा नीट शिकून घ्या."

"लेन्स राहू द्या, डॉक्टर," सन्मती म्हणाला. "फ्रेम दाखवा एखादी. काळी, गोल."

"नंबर तोच ठेवायचा?"

"नंबर माझा ठेवा," सन्मती एका डोळ्यानं आरशात बघत म्हणाला, "बाकी समदं साडूसारखं."