सोळा एमबीचा सौदा

ही गोष्ट एकोणीसशे नव्याण्णव सालच्या मे महिन्यातली. त्या वर्षी हैदराबादेत उन्हापेक्षा जास्त काही तापलं असेल तर ते गल्लोगल्ली उघडलेले कॉम्प्युटरचे क्लास आणि त्यांची फी भरणारे बाप. अंबरपेठेतले नामदेवराव बोधनकर हे त्या बापांपैकीच एक.

नामदेवराव वीज खात्याच्या भांडारातून निवृत्त झालेले. तीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. तीन कोटेशनं मागवायची, उभेआडवे रकाने आखून तुलनात्मक तक्ता करायचा आणि साहेबांच्या टेबलावर ठेवायचा. घरासाठी मात्र त्यांना कधी काही निवडावंच लागलं नव्हतं. स्कूटर नोंदवल्यावर सात वर्षांनी आली, ती हिरवी होती म्हणून हिरवी घेतली. फोन काळा आला, काळा घेतला. तो काळ गेला. परवाने सुटले, परदेशी माल खुला झाला, आणि साध्या दात घासायच्या पेस्टचे नऊ प्रकार बघून नामदेवराव किराणा दुकानात घाम पुसत उभे राहू लागले.

इंदुताईंना असली भीती नव्हती. त्यांच्या मांडणीवरचं निम्मं स्टील जुन्या साड्या आणि विटलेल्या पँटी देऊन आलेलं होतं. फाटकी गोधडी देऊन झाकणासकट डबा उकळणारी बाई म्हणून गल्लीत त्यांचं नाव होतं. त्यांना लांबून बघितलं की बोहारीण टोपली उचलून दुसऱ्या गल्लीत वळत असे.

त्यांची मुलगी प्रणिता कॉम्प्युटरवर चालतीबोलती चित्रं काढायला शिकली होती. बेगमपेठेतल्या एका कंपनीने तिला आणि आणखी एका मुलाला परीक्षेचं काम दिलं होतं. तारनाक्याला अजून न बांधलेल्या एका इमारतीची फिल्म करायची. दारातून आत शिरायचं, जिना चढायचा, घर बघत बघत बाल्कनीत जायचं. फिल्म फ्लॉपीत मावणारी नव्हती, म्हणून सोमवारी अकरा वाजता कंपनीचे साहेबच घरी येऊन बघणार होते. दोघांतल्या एकालाच नोकरी. नाही मिळाली तर प्रणिताने बँकेच्या परीक्षेला बसायचं, असं नामदेवरावांनी ठरवून फॉर्मसुद्धा आणून ठेवला होता.

फिल्म तयार होती, पण अडखळत होती. जिन्याच्या एका पायरीवरून दुसरीवर जायला मशीन इतका वेळ घेई की तेवढ्यात इंदुताई दोन पोळ्या लाटत.

"ग्राफिक्स कार्ड टाकावं लागेल," प्रणिता म्हणाली. "आत्ता चित्राचं सगळं ओझं प्रोसेसरवर आहे. कार्ड घातलं की चित्राचं काम ते वेगळं सांभाळतं."

"म्हणजे भांड्यांना वेगळी बाई," इंदुताई म्हणाल्या.

"हौ, तसंच समज."

अडचण अशी की शनिवारी दिवसभर तिची क्लासची प्रॅक्टिकल परीक्षा, आणि रविवारी सिकंदराबादचं कॉम्प्युटर मार्केट बंद. शेवटी तिने चिठ्ठी लिहून दिली: 'पीसीआय कार्ड, ८ एमबी. दुसरं काही नको.'

"कॉम्प्युटरचा नुसता डबा न्या दुकानात. दहा मिनिटांत बसवून देतील. आणि बाबा, प्लीज, तक्ता नका करू."

शनिवारी सकाळी रिक्षात डबा ठेवला, आणि त्याच्या शेजारी, टॉवेलात गुंडाळून, टीव्हीएवढा मॉनिटरही. माल आपल्याच पडद्यावर चालवून बघितल्याशिवाय पावती घ्यायची नाही, हा नामदेवरावांचा भांडारातला नियम होता.

दुकानदार खलीलभाई चिठ्ठी बघून हसले. "आठ एमबी? है ना अम्मा. मगर अब आठ कौन लेरा? सोला देखो, बत्तीस देखो."

काचेवर त्यांनी एकामागून एक अकरा कार्डं मांडली. नामदेवरावांच्या तोंडचं पाणी पळालं. पण क्षणभरच. दुसऱ्याच क्षणी त्यांनी पिशवीतून पट्टी आणि फुलस्केप कागद काढला. पोरीचा शब्द मोडायची त्यांची इच्छा नव्हती, पण अकरा वस्तू समोर असताना तक्ता न करणं म्हणजे ड्यूटी चुकवणंच.

"मेमरीला चाळीस गुण," ते पुटपुटले. "मेगाहर्ट्झला वीस. बिटला वीस. हमीला दहा."

"आणि पंख्याला?" इंदुताईंनी विचारलं. एका कार्डावर त्यांना एवढासा पंखा दिसला होता. "मे महिना आहे अहो. बिनपंख्याचं कसं चालेल?"

"पंख्याला दहा."

इंदुताईंनी एकेक कार्ड तळहातावर घेऊन नारळासारखं तोलून पाहिलं. खलीलभाईंनी दोन कार्डं दुकानातल्या मशीनवर चालवून दाखवली. पडद्यावर डोंगरावरून विमान उडत गेलं.

"इसमें एक सेकंद में साठ चित्र बदलते. उसमें तीस," खलीलभाई म्हणाले.

नामदेवरावांनी मनगटावरचं घड्याळ डोळ्यांसमोर धरलं, ओठ हलवत मोजलं आणि मान हलवली. "साठ म्हणता. मला सात दिसले. त्रेपन्न शॉर्ट!"

"साब, आँख से नै गिनते वो!"

तक्ता पूर्ण झाला. सोळा एमबीच्या पंखेवाल्या कार्डाला शंभरपैकी एक्याण्णव गुण पडले. चिठ्ठीतल्या आठ एमबीच्या कार्डाला अडतीस.

"अडतीस!" इंदुताईंना धक्काच बसला. "काठावर पास! पोरीने आपल्या पेन्शनीकडे बघून आठ लिहिलं असणार. आयुष्याचा प्रश्न आहे तिच्या. सोळाच घ्या."

नामदेवरावांनी सोळावर सही केली. खलीलभाईंनी डब्याची एक बाजू उघडली, कार्ड आत धरलं आणि पुन्हा बाहेर काढलं.

"ये नै बैठता, साब."

"जोर लावा," इंदुताई म्हणाल्या.

"जोर का काम नै, अम्मा. खाचच अलग है. आपका मशीन पुराना, पीसीआय की खाच. ये एजीपी का कार्ड है."

नामदेवरावांनी तक्ता वरून खाली वाचला. मेमरी होती, बिट होते, पंखा होता. खाच नव्हती. तीस वर्षांत एवढा मोठा रकाना त्यांच्या हातून सुटला नव्हता. चिठ्ठीतला पहिलाच शब्द पीसीआय होता, आणि तो त्यांनी दुकानाच्या नावासारखा वाचून सोडून दिला होता. पण मंजूर झालेला माल मागे घेणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

"मग खाच बदला," ते म्हणाले.

खाच बदलायची तर मदरबोर्ड बदलायचा. मदरबोर्ड बदलला तर त्यावर जुना प्रोसेसर बसेना. प्रोसेसर बदलला तर मेमरी चालेना. आणि नवा बोर्ड जुन्या डब्यात मावेना. अर्ध्या तासात काचेवर एक अख्खा नवा डबा उभा राहिला, आणि नामदेवराव खुर्चीत बसले.

आता सूत्रं इंदुताईंनी घेतली. "नया लिया तो पुराना वापस लेना पडेगा, भाई."

"ये डब्बा? इसका क्या आएगा, अम्मा?"

"क्या आएगा? लोखंड देखो कितना जड है! आणि एक ओरखडा नाही. दोन वर्षं दर गुरुवारी मी ओल्या फडक्याने पुसलाय." तासभर घासाघीस झाली. इंदुताई दोनदा पायरी उतरून गेल्या, खलीलभाईंनी दोनदा "अम्मा, आओ" म्हणून परत बोलावलं. शेवटी जुन्या डब्याचे चांगले पैसे वळते झाले, वर माउसखाली ठेवायचं कापड फुकट. खलीलभाईंनी रीतसर विचारलं, "इसके अंदर काम का कुछ नै ना? सब निकाल लिए?"

इंदुताईंनी डब्याच्या मागच्या धुळीकडे बघितलं आणि मग टॉवेलातल्या मॉनिटरवर हात थोपटला. बिचारी पोर महिनाभर रोज याच काचेत बघून काम करत होती. जिना यात, घर यात, बाल्कनी यात. "हौ," त्या म्हणाल्या. "उसका सब काम हमारे पास है. ये हम किसीको नहीं देते."

खलीलभाईंनी मान डोलावली.

साडेचारला प्रणिता परीक्षेहून आली. टेबलावर नवाकोरा डबा, त्याला हळदीकुंकू.

"हे काय आहे?"

"सोळा एमबी," नामदेवराव म्हणाले. "एक्याण्णव गुण."

"जुना डबा कुठंय?"

"दिला. बदल्यात," इंदुताई म्हणाल्या. "घाबरू नको, मॉनिटरला हात लावू दिला नाही मी कोणाला. तुझी फिल्म सहीसलामत आहे."

प्रणिता खाली बसली. खुर्ची होती, पण ती जमिनीवर बसली. "आई," ती हळू म्हणाली, "मॉनिटर नुसता दाखवतो. फिल्म डब्यात होती."

इंदुताईंना आधी कळलंच नाही. मग उमगलं. पोरीने महिनाभर रात्रीचा दिवस करून केलेली फिल्म त्यांनी माउसखालच्या कापडावर दिली होती.

"अहो," त्या म्हणाल्या, "रिक्षा बोलवा."

नवा डबा घेऊन तिघं दुकानात पोचले, तेव्हा खलीलभाई शटर अर्धं खाली करत होते.

"वो डब्बा? वो तो गया, अम्मा. दो बजे. आठ एमबी का कार्ड डालके दे दिया. फस क्लास चलरा था."

"आठ एमबीचं?" नामदेवरावांचा आवाज बारीक झाला. "पंख्याशिवाय?"

"पंखा कायकू, साब? आठ को गर्मीच नै होती."

डबा गौलीगुड्याला बसस्टँडजवळ लक्ष्मणराव नावाच्या प्लॉट-फ्लॅटच्या एजंटने नेला होता. प्रणिताचा चेहरा बघून खलीलभाई स्क्रू-ड्रायव्हर खिशात घालून स्वतःच्या स्कूटरवर पुढे निघाले. मागून रिक्षा. वाटेत इंदुताईंनी तीन देवांना तीन नवस बोलले आणि एकाही देवाशी घासाघीस केली नाही.

लक्ष्मणरावांच्या एका खणाच्या ऑफिसात दहा-बारा माणसं दाटीवाटीने उभी होती. इंदुताई कोपराने वाट काढत आत गेल्या आणि थिजल्या. पडद्यावर प्रणिताचा जिना होता. पायरीमागून पायरी सरसर मागे पडत होती. कुठे अडखळणं नाही. दार उघडलं, बैठक आली, स्वयंपाकघर आलं, आणि मग बाल्कनी. तिथे एक पितळी कड्यांचा झोपाळा मंद हलत होता.

"झोपाळा कंपनी देणार की आपला आपण?" गर्दीतल्या एका बाईंनी विचारलं.

"कंपनी, मालनबाई, कंपनी!" लक्ष्मणराव हात उडवत म्हणाले. "तिसरा मजला तुमचा लिहून घेऊ?"

"अहो, काय करताय?" प्रणिता किंचाळली. "ती बिल्डिंग नाहीच आहे!"

सगळ्या माना प्रणिताकडे वळल्या.

"नाही म्हणजे?" लक्ष्मणरावांनी विचारलं.

"नाही म्हणजे बांधलेलीच नाही! ते माझं परीक्षेचं काम आहे. डबा चुकून विकला गेला."

दुसरा कोणी असता तर घाबरला असता. लक्ष्मणरावांनी टाळूवरून हात फिरवला. "ताई, मी वीस वर्षं या धंद्यात आहे. न बांधलेलं घर विकायला मला कागदावर रेघा दाखवाव्या लागतात. रेघा बघून लोक झोपतात. आज मशीन चालू केलं, समोर हेच दिसलं, दाबून बघितलं, आणि तासाभरात तीन गिऱ्हाइकं! मी डबा देणार नाही."

'देणार नाही' हे शब्द ऐकताच इंदुताई सावरल्या. हे शब्द त्यांच्या ओळखीचे होते.

"कोण फुकट मागतंय?" त्यांनी पदर खोचला. "हा बघा नवा डबा. सोळा एमबी. पंखा आहे. अहो, तक्ता दाखवा त्यांना."

नामदेवरावांनी तक्ता उलगडला.

"अदलाबदल," इंदुताई म्हणाल्या. "फिल्मची नक्कल खलीलभाई तुमच्या नव्या डब्यात घालून देतील, पण बिल्डरची परवानगी मिळेपर्यंत कोणाला दाखवायची नाही. वरचा फरक तुम्ही द्यायचा."

"फरक? अहो, मी ओळखत नाही, पाळखत नाही..."

"एक्याण्णव आणि अडतीस यांत फरक नाही?"

सातच्या सुमारास प्रणिता आपला जुना डबा मांडीवर घेऊन रिक्षात बसली. आत आठ एमबीचं पीसीआय कार्ड होतं. दिवसभराच्या धावपळीनंतर चिठ्ठीत लिहिलं होतं तेच घरी चाललं होतं.

सोमवारी अकराला कंपनीचे दोन साहेब आले, आणि त्यांच्यामागून तिसरा माणूस. पांढरा सफारी, हातात गाडीची किल्ली. लक्ष्मणरावांनी रविवारीच इमारतीच्या बिल्डरला गाठून परवानगी मागितली होती, आणि तो स्वतःच उठून आला होता. इंदुताईंच्या हातातली पोह्यांची बशी कलली. फिल्म परक्याला दिल्याची चोरी उघडकीला आली, आता नोकरी तर नाहीच, पोलीस येतील.

"ये बच्ची?" बिल्डरने विचारलं. साहेबांनी मान हलवली. "मेरी बिल्डिंग की नींव भी नहीं खुदी, और गौलीगुडा में लोग चावी माँगरे. दूसरे लडके की फिल्म तुम लोग देखते रहो. मेरा काम ये करेगी."

नोकरी प्रणितालाच मिळाली. सहा वर्षांनी तिने स्वतःचं ऑफिस काढलं. आता तिच्या हाताखाली बावीस जण आहेत आणि घरातली सगळी खरेदी ती एकटी करते. लक्ष्मणराव गौलीगुड्यातून बंजारा हिल्सला गेले. खलीलभाईंनी दुकानात पाटी लावली: जुना डबा देताना घरच्या मुलाला सोबत आणा. नामदेवराव दोन हजार अकरात गेले. त्यांच्या कपाटात तेहतीस तक्ते निघाले, शेवटचा श्रवणयंत्रांचा. इंदुताई आज ब्याऐंशीच्या आहेत. बोहारीण आता येत नाही, म्हणून त्या जुन्या मोबाइलवर नवा घेताना दुकानातल्या पोरांना रडवतात.

आणि तारनाक्याची ती इमारत दोन हजार दोनमध्ये उभी राहिली. बाल्कनीचा कोपरा रिकामा दिसतो म्हणून प्रणिताने सहज एक झोपाळा काढला होता, पण घर घेणाऱ्या प्रत्येकाने फिल्म बघितली होती आणि झोपाळ्याशिवाय घर घ्यायला कोणीच तयार नव्हतं. बिल्डरने शेवटी हात जोडले. आजही त्या इमारतीत चोवीस बाल्कन्यांत चोवीस झोपाळे आहेत, आणि धुणं वाळत घालायला जागा एकाही घरात नाही.