साळूबाईची निळी रेघ

एका जंगलात एक कचेरी होती. दचकू नका, बाळांनो. जिथे महाराज असतात तिथे कचेरी असायचीच.

त्या कचेरीत साळूबाई नावाची साळिंदरीण नकाशे काढायची. पूर्वी ती अंगावरचा काटा उपसून धुळीत रेघा ओढायची. मग महाराजांनी, म्हणजे सिंहाने, संगणक आणवला. त्याची रीत न्यारी. पडद्यावर रेघ ओढली की ती निळी दिसायची. निळी म्हणजे कच्ची; जरा धक्का लागला की सरकणारी. तिची लांबी सांगा, ती कशाला टेकलीय ते सांगा, कुठून किती अंतरावर आहे ते सांगा. सगळं सांगून झालं की ती काळी व्हायची. काळी म्हणजे पक्की.

कचेरीचे मुख्य होते बगळेसाहेब. ते दिवसभर एका पायावर निश्चल उभे असत, आणि साऱ्या जगाने तसंच असावं असं त्यांना मनापासून वाटे. निळी रेघ दिसली की त्यांना जेवण जात नसे.

त्या साली ओढ्यावर पूल बांधायचं ठरलं. साळूबाईला सगळ्यांहून जास्त घाई. तिची लेक शेवंती पलीकडच्या काठावर दिलेली, आणि तिचे दिवस भरत आलेले. पहिलंच बाळंतपण. ओढा फुगायच्या आत पूल झाला नाही, तर आई अलीकडे आणि लेक पलीकडे.

साळूबाईने जीव ओतून पूल काढला. खांब, फळ्या, कठडे, सगळं काळंभोर. एकच रेघ तिने निळी ठेवली.

"ही का निळी?" बगळेसाहेबांनी विचारलं.

"साहेब, पूल नेमका कुठून सुरू करायचा ते ओढ्यावर जाऊन बघावं लागेल. काठ कुठे घट्ट आहे, कुठे भुसभुशीत आहे..."

"ओढ्यावर? चिखलात?" साहेबांनी वर घेतलेला पाय आणखी वर घेतला. "अहो साळूबाई, प्रत्येक नकाशाला एक मूळ बिंदू असतो. आपल्या जंगलाचा मूळ बिंदू कोण?"

"महाराज."

"मग महाराजांच्या बैठकीपासून अंतर टाका की!"

"पण ऊन चढलं की महाराज सावलीला सरकतात, साहेब."

"महाराज सरकत नाहीत," साहेब इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले. "सावली सरकते. आणि हे पुन्हा बोलू नका."

साळूबाईने अंतर टाकलं. रेघ काळी झाली. 'नकाशा पूर्ण' अशी अक्षरं पडद्यावर उमटली. कचेरीने टाळ्या वाजवल्या. आणि खरं सांगू? साळूबाईलाही फार बरं वाटलं. सगळं काळं बघून तिचा जीव असा काही भांड्यात पडला की ओढ्यावर जाऊन यायचं तिच्या डोक्यातून निघूनच गेलं.

नकाशा हत्तींकडे गेला. हत्ती सांगितल्या कामाचे. त्यांनी महाराजांच्या बैठकीपासून अंतर मोजलं आणि खांब रोवले. त्या दुपारी महाराज नेहमीच्या जांभळाखाली नव्हते, टेकाडावरच्या वडाखाली पहुडले होते.

पूल उभा राहिला. काय पूल, बाळांनो! नकाशात आणि त्याच्यात केसाचाही फरक नाही. खडखडीत कोरड्या माळावर नुसता झळकत होता. ओढा तिथून हाकेच्या अंतरावर आपल्या वाटेने वाहत होता, आणि फुगत होता.

"साहेब, पूल चुकला हो!" साळूबाई रडकुंडीला आली.

बगळेसाहेबांनी नकाशा पाहिला, पूल पाहिला, पुन्हा नकाशा पाहिला.

"पूल बरोबर आहे," ते म्हणाले. "ओढा निळा आहे. त्याला आधी पक्का करायला हवा."

उद्घाटनाला सगळं जंगल लोटलं. महाराज कोरड्या माळावरून पूल चढले आणि कोरड्या माळावर उतरले. त्यांचा पंजा जराही भिजला नाही, याचं भाषणात कौतुक झालं. उत्कृष्ट नकाशाचं बक्षीस द्यायला साळूबाईचं नाव पुकारलं. पुन्हा पुकारलं. ती काही आली नाही.

ती गळाभर पाण्यात होती. डिंकाच्या लाडवांचं गाठोडं डोक्यावर सावरत, स्वतःच्याच काळ्या रेघांना शिव्या घालत ती ओढा कापत होती. पलीकडून शेवंतीचं कण्हणं ऐकू येत होतं, आणि आईचं काळीज तुटत होतं.

ती पोचली. पाठोपाठ नातही पोचली.

तात्पर्य: बाळांनो, नकाशात एकही रेघ निळी ठेवू नका. ओढ्याची काळजी तर मुळीच करू नका. पलीकडे जिची लेक आहे, ती पोहून जातेच.