खड्डा चालू आहे

सकाळी सव्वानऊला फोन वाजला तेव्हा श्रीपाद टिपणीस दाढी करत होते. डावा गाल झाला होता, उजव्यावर साबण होता. त्यांनी साबणाच्या बाजूने फोन कानाला लावला.

"टिपणीस साहेब, उमा बोलतेय, पालिकेतून. अकराला येतेय तुमच्याकडे, ओल्या कचऱ्याचा खड्डा बघायला. चालू आहे ना?"

"म्हणजे काय मॅडम! जोरात चालू आहे."

"बरं झालं. कारण ज्यांचा खड्डा बंद, त्यांची घंटागाडी उद्यापासून बंद. वरून ऑर्डर आहे. या आठवड्यात चार सोसायट्यांची बंद केली मी."

फोन ठेवला तेव्हा टिपणीसांचा उजवा गाल आणि डावा गाल एकाच रंगाचे दिसत होते. दारात उभ्या कुमुदिनीबाईंनी शांतपणे विचारलं, "जोरात म्हणजे किती जोरात हो?"

शिरगावातल्या वनश्री रेसिडेन्सीचा खड्डा मुळीच चालू नव्हता. पण तो बंद होता असंही म्हणता येणार नाही. तो जपून ठेवलेला होता. बिल्डरने पार्किंगच्या मागे सहा बाय चारचा, चांगला कमरेइतका खोल खड्डा बांधून दिला होता. त्याला आतून पांढऱ्या टाइल्स, वर जाळीचं झाकण आणि समोर उद्घाटनाची संगमरवरी पाटी. उद्घाटनाला नारळ फोडला होता आणि त्याची शेंडी पहिला ओला कचरा म्हणून टाळ्यांच्या गजरात खड्ड्यात टाकली होती. कार्यक्रम संपल्यावर टिपणीसांनी ती काढली, फडकं मारलं आणि झाकणाला कुलूप घातलं. टिपणीस अंबरनाथच्या एका कारखान्यातून अधिकारी म्हणून निवृत्त झाले होते, आणि न वापरलेलं यंत्र सर्वांत जास्त टिकतं हा तिथल्या तीस वर्षांचा अनुभव त्यांच्यापाशी होता. लोक कचरा टाकायला लागले तर चांगला खड्डा दोन महिन्यांत खराब होईल, असं त्यांनी सभेत सांगितलं होतं. ते सगळ्यांना पटलंही होतं. तेव्हापासून अकरा महिने ते दर एक तारखेला त्या शेंडीचा फोटो पालिकेला पाठवत होते.

ओला-सुका वेगळा करण्याचा प्रश्नही वनश्रीने असाच सामोपचाराने सोडवला होता. पालिकेने एक हिरवा आणि एक निळा डबा दिला होता. हिरवा ए विंगला आला, निळा बी विंगला. कोणावर अन्याय नाही.

साडेनऊला पार्किंगमध्ये तातडीची सभा भरली.

"काका, गाडी बंद झाली तर कचऱ्याचं करायचं काय?" तीनशे दोनच्या मिलिंदने विचारलं.

"तोच विचार चाललाय."

"विचार नको, सांगून ठेवतो. सेक्रेटरी तुम्ही, फोटो पाठवले तुम्ही. गाडी आली नाही तर चौसष्ट घरांच्या पिशव्या तुमच्या दारात. क्या बोलते सब लोग?"

एरवी चहाच्या कपांच्या रंगावरूनही ज्यांचं जमत नसे, त्या सभेने हा ठराव एकमताने मंजूर केला. टिपणीसांच्या डोळ्यांसमोर आपला दरवाजा आला, त्यावरचं तोरण आलं आणि त्या तोरणापर्यंत पोचलेल्या पिशव्या आल्या.

"अंकल, टेन्शन नका घेऊ ना," बी विंगची सोनिया मखिजा म्हणाली. तिचं उल्हासनगरला, कॅम्प एकमध्ये किराणा दुकान होतं आणि माल हलवण्याचा तिला सराव होता. "खड्डा खाली आहे ना? भर दो. कचऱ्याची कमी आहे का आपल्याकडे?"

पण नेमकी तीच होती. गाडी साडेआठला येऊन गेली होती. चौसष्ट घरांतले डबे धुऊन पालथे पडले होते. वनश्रीच्या इतिहासात प्रथमच कचऱ्याचा तुटवडा निर्माण झाला. घराघरांतून गोळा करता करता तीन गाळण्यांतली चहाची पूड, एका काकडीची सालं आणि कोथिंबिरीच्या काड्या एवढा ऐवज जमला. सोनियाने सार्वजनिक हितासाठी उभ्याउभ्या दोन केळी खाल्ली. कुलूप उघडून हे सगळं आत टाकलं, तर मोठ्या हॉलमध्ये दोनच पाहुणे आल्यासारखं दिसायला लागलं.

"झाडांचा पाला टाकू या की," कोणीतरी सुचवलं.

सगळ्यांनी आजूबाजूला पाहिलं. वनश्रीत झाडं फक्त बिल्डरच्या माहितीपत्रकात होती.

"गाडी!" मिलिंद एकदम ओरडला. "आपली सोसायटी त्यांची शेवटची. म्हणजे वरचा थर आपला. नाक्यावर चहा पीत असतील. काका, बसा मागे!"

घंटागाडी खरोखरच नाक्यावर उभी होती. ड्रायव्हर जनू स्टिअरिंगवर पेपर पसरून वाचत होता आणि गोजरबाई पायरीवर बसून चहा पीत होती. गोजरबाई सहा वर्षं शिरगावात कचरा उचलत होती. वनश्रीत तिला नाव नव्हतं. ती गेटवर शिट्टी वाजवायची आणि घराघरांतून आरोळी जायची, "कचरा आला!"

"ताई," स्कूटरवरून उतरत टिपणीस म्हणाले.

गोजरबाईने मागे वळून पाहिलं. मागे कोणी ताई नव्हती.

"ताई, तुम्हालाच. आमचा कचरा परत हवा होता."

"काय गेलं? सोनं?" गोजरबाईने ग्लास खाली ठेवला. "मागल्या महिन्यात त्या पिवळ्या बिल्डिंगच्या बाईची कुडी गेलेली. अर्धी गाडी उपसली, अन् कुडी घावली तिच्या उशीखाली."

"सोनं नाही हो. कचराच हवाय."

"कंचा?"

"सगळा."

जनूने पेपर खाली केला. टिपणीसांचा एक गाल गुळगुळीत आणि दुसऱ्यावर वाळलेला साबण, हे त्याने नीट पाहून घेतलं. "काका, घरी माहितीय ना तुम्ही बाहेर पडलात ते?"

मग मिलिंदने सगळं सांगितलं. गोजरबाईने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"नेताव तर न्या. पण मॅडम ओला कचरा बघाया येनार, अन् तुमची ही खिचडी हाय."

"तसंही तुम्ही लोक गाडीत सगळं एकत्रच करता ना?" मिलिंद म्हणाला. हे वाक्य वनश्रीतला प्रत्येक जण रोज एकदा म्हणत असे. ते म्हटलं की वेगळं करायचा प्रश्न उरत नसे.

गोजरबाई उठली आणि तिने गाडीचं झाकण वर केलं. "हा मधी पत्रा हाय, दिसतो? या अंगाला ओला, त्या अंगाला सुका. दहा बिल्डिंगी वेगळा देतात. तुमची पिशवी हातात आली की मला कळत नाय, पत्र्यावर ठेवू का काय."

दहाला घंटागाडी सुलट रस्त्याने उलट आली. पार्किंगमध्ये ताडपत्री अंथरली गेली आणि सकाळी टाकलेला कचरा सन्मानाने पुन्हा सोसायटीत उतरला.

"ताई, आता एवढं वेगळं करून दिलंत तर..." टिपणीस म्हणाले.

"माझी ड्युटी उचलायची. निवडायची नाय," गोजरबाई म्हणाली आणि वॉचमनच्या खुर्चीवर बसली. त्या खुर्चीवर तिला आजवर कोणी बसू दिलं नव्हतं. आज कोणाच्या लक्षात आलं नाही.

वीस-पंचवीस मेंबर ताडपत्रीभोवती बसले. पहिली पाच मिनिटं सगळ्यांच्या नाकाला रुमाल होते. मग कुतूहलाने वासावर मात केली.

"मिलिंद," चारशे एकची राजसी गोड आवाजात म्हणाली, "या पिशवीत तुझं वीजबिल आहे. आणि डझनभर अंड्यांची टरफलं."

श्रावण चालू होता. श्रावणात लिफ्टमधून अंडी नेऊ नयेत, ही सूचना सोसायटीच्या ग्रुपवर मिलिंदनेच टाकली होती आणि खाली हात जोडलेले होते.

"ती... मांजरासाठी," मिलिंद म्हणाला.

"मांजर सोलून खातं?"

पण राजसीला हा आनंद फार वेळ मिळाला नाही. शेजारी सोनियाने एक पिशवी उलटी केली आणि त्यातून लोणच्याच्या रिकाम्या बरण्या गडगडत बाहेर आल्या. राजसी आजीच्या पद्धतीचं घरगुती लोणचं विकत असे. अर्धी सोसायटी ते घेई आणि उरलेली अर्धी घेतल्याचं सांगे.

"अरे, ये तो हमारे दुकान का स्टिकर है!" सोनिया म्हणाली. "राजसी, तू तर बोललीस नणंदेचं लग्न आहे म्हणून लोणच्याच्या दोन डझन बरण्या पाहिजेत! मी डिस्काउंट पण दिला ना तुला!"

"लग्न पुढे गेलंय," राजसी म्हणाली आणि कांद्याच्या सालांत डोकं खुपसून निवडायला लागली.

टिपणीस हे सगळं पाहून मान हलवत होते. सेक्रेटरीला शोभेल अशी खंत त्यांच्या चेहऱ्याच्या भादरलेल्या बाजूवर पसरली होती. तेवढ्यात कुमुदिनीबाईंनी एक लहानसा खोका वर धरला.

"हे पेढे कोणाचे?"

"कोणीतरी चुकून आपल्या पिशवीत टाकला असेल."

"आपल्या पिशवीला गाठ मी मारते, ती माझीच होती. तुमची शुगर दोनशे चाळीस का येते म्हणून मी डॉक्टर बदलला! आणि रोज उठून कचरा खाली न्यायची तुम्हाला एवढी हौस का, तेही आज कळलं."

उत्तर टाळण्यासाठी टिपणीसांनी घाईघाईने पुढच्या ढिगात हात घातला आणि "आई गं!" म्हणून बाहेर काढला. बोटातून रक्त येत होतं. ढिगात दाढीचं पातं होतं. ते कुठल्या कंपनीचं आणि कोणत्या दिवशी फेकलेलं, हे टिपणीसांना बोटाकडे न बघताही सांगता आलं असतं.

"पातं कागदात गुंडाळून टाकायचं आसतं," गोजरबाई खुर्चीवरून म्हणाली. "मी दोनदा सांगितलेलं. तुम्ही बोललाव, मीटिंगमध्ये घेऊ."

टिपणीसांनी खिशातला रुमाल काढला.

"हळद लावा," ती म्हणाली. "चार दिवस ठणकंल."

साडेदहापर्यंत ओल्याचा एक ढीग खड्ड्यात गेला आणि खड्डा पहिल्यांदाच खड्ड्यासारखा दिसू लागला. टिपणीस बोटाला रुमाल गुंडाळून हळूच गोजरबाईजवळ सरकले.

"ताई, मॅडमनी विचारलं, तर हे रोजचंच आहे म्हणून सांगाल?"

"खोटं बोलू?"

"खोटं नव्हे हो. उद्यापासून करणारच आहोत आम्ही. एक दिवस आधी सांगायचं, इतकंच. गाडीचा प्रश्न आहे. चौसष्ट कुटुंबं आहेत."

गोजरबाईने त्या चौसष्ट कुटुंबांकडे एकदा पाहिलं. "बघते," ती म्हणाली.

उमा मॅडम अकराला यायच्या त्या पावणेअकरालाच आल्या. त्या बऱ्याच सोसायट्या पाहून आल्या होत्या. कुठे खड्ड्यात कार पार्क होती, कुठे खड्ड्यावर देऊळ होतं. त्यामुळे मुंडी खाली घालून कचरा निवडणारे पंचवीस मेंबर दिसल्यावर त्या गेटमध्येच थबकल्या.

"हे तुम्ही सगळे... स्वतः करता?"

"रोज," पंचवीस तोंडांतून एकदम शब्द निघाला. शाळेत साहेब आल्यावर निघतो तसा.

मॅडमनी खड्ड्यात वाकून पाहिलं. ताडपत्रीवरचे वेगळे ढीग पाहिले. सेक्रेटरीचं रक्ताळलेलं बोट आणि दाढीलासुद्धा सवड न मिळालेला गाल पाहिला. सरकारी नोकरीत माणसाचा विश्वास इतक्या लवकर बसत नाही. त्या खुर्चीकडे वळल्या.

"गोजरबाई, तुम्ही खरं सांगा. हे लोक रोज करतात हे?"

टिपणीसांनी डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांपुढे पुन्हा तोरण आलं.

"रोज, मॅडम," गोजरबाई म्हणाली. "मला हातपन लावू देत नायत. लय आवड हाय यांना."

पंचवीस छात्यांतून एकदम श्वास सुटला. मॅडमचे डोळे पाणावले. त्यांनी फाइल उघडली, स्कूटरच्या सीटवर ठेवली आणि सही केली.

"चौदा वर्षांच्या नोकरीत अशी सोसायटी मी पाहिली नाही," त्या म्हणाल्या. "तुम्हाला गाडी देणं म्हणजे तुमचा अपमान आहे."

कडाडून टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांच्या हातांमुळे चहाची पूड चौफेर उडाली. मग एकेका कोपऱ्यातून त्या थांबत गेल्या.

"मॅडम," मिलिंद म्हणाला, "म्हणजे उद्या गाडी...?"

"नाही येणार. ओला तुम्ही इथे जिरवता, सुका निवडलेला आहे, तो महिन्यातून एकदा केंद्रावर आणून द्या. गाडी हवी कशाला?"

"पण तुम्ही तर म्हणालात, खड्डा बंद असेल तर गाडी बंद!" टिपणीस म्हणाले.

"बरोबर. ज्यांचा बंद, त्यांची शिक्षा म्हणून बंद. ज्यांचा चालू, त्यांची गरज नाही म्हणून बंद. ऑर्डरच्या मागच्या पानावर आहे, मागचं पान कोणी वाचत नाही. अहो, गाड्या आहेत किती आपल्याकडे? बारवी रोडच्या वाडीत तर आजवर एकही गेली नाही. तुमच्याकडची फेरी आता तिकडे वळवते. तुमच्यामुळे झालं हे. जरा जवळ उभे राहा सगळे, फोटो घेते."

फोटोत सगळ्यांचे चेहरे अतिशय गंभीर आले. मॅडमनी त्याला निष्ठा म्हटलं आणि रिक्षा पकडली.

जनूने गाडी सुरू केली तेव्हा टिपणीस तिच्या मागे धावले. एकाच सकाळी ते दुसऱ्यांदा या गाडीच्या मागे लागले होते.

"गोजरताई! अहो गोजरताई! ती बारवी रोडची वाडी कोणाची?"

"आमचीच की, साहेब. सहा वर्सं अर्ज देतेय मी."

"पण मग आमचं काय? उद्या सकाळी आमचा कचरा कोण नेणार?"

गोजरबाईने जनूच्या शेजारी बसून दार ओढून घेतलं आणि खिडकीतून बाहेर पाहिलं.

"असं काय करताव," ती म्हणाली. "तुम्ही रोज करताच की."