फ्रीजरमधला इनपुट शाफ्ट

ऑफिसात सगळे त्यांना 'तज्ज्ञ' म्हणत. नोकरी विमा कंपनीत हेडक्लार्कची. पण पंख्याच्या कुरकुरीपासून लिफ्टच्या धक्क्यांपर्यंत कशावरही मत मागा, तयार. (न मागताही तयार.) अशा माणसाच्या घरात, भर जेवणाच्या टेबलावर, सख्ख्या बायकोने म्हणावं, "मी दादाला फोन करते, तो बसवून देईल"? तज्ज्ञांनी हातातला घास ताटात आपटला.

बायको ड्रायव्हिंग स्कूल चालवायची. आठवडाभर लोकांना सावकाश गाडी चालवायला शिकवायची आणि रविवारी स्वतः ट्रॅकवर जाऊन वाऱ्याशी भांडायची. तिची एकाच माणसापुरती, मागे इंजिन असलेली रेसिंग गाडी होती. गेल्या रेसमध्ये सगळ्यांच्या पुढे असताना गिअरबॉक्समधून कडाडकन आवाज आला आणि गाडी जागच्या जागी नुसती गुरगुरत राहिली. इंजिनाचा जोर गिअरबॉक्सच्या पोटात पोचवणारा जो पोलादी दांडा, म्हणजे इनपुट शाफ्ट, त्याच्या दात्यांचा पार भुगा झाला होता. आता रविवारी हंगामातली शेवटची रेस. नवा शाफ्ट आला होता, फक्त बसवायचा होता.

"तुझा दादा फ्रिज विकतो!" तज्ज्ञ कडाडले.

"हो, पण ते फ्रिज चालतात," बायको म्हणाली.

झालं! तज्ज्ञांनी रजा टाकली आणि जेवणाचं टेबल ताब्यात घेतलं. चादर अंथरून त्यावर गिअरबॉक्स उघडला. आतून गिअर, रिंगा, स्प्रिंगा आणि काळं तेल असा ऐवज निघाला. तेल चादरीतून टेबलावर आणि टेबलावरून सासूबाईंच्या चपलेत गेलं. (सासूबाई त्यांच्याकडेच राहत. चप्पल मात्र तिथे का ठेवावी, हा तज्ज्ञांचा रास्त सवाल होता.)

खरी कसोटी पुढे होती. नवा शाफ्ट बेअरिंगमध्ये इतका घट्ट बसतो, की सहजी आत शिरत नाही. त्यावर उपाय तज्ज्ञांना ठाऊक होता: शाफ्ट गारठवायचा म्हणजे तो किंचित आकसतो, बेअरिंग तापवायचं म्हणजे ते किंचित फुगतं. त्यांनी शाफ्ट पिशवीत गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेवला, बेअरिंग ओव्हनमध्ये सरकवलं आणि विज्ञानाने आपलं काम करावं म्हणून जरा आडवे झाले.

जाग आली ती ठोकण्याच्या आवाजाने. स्वयंपाकघरात जाऊन पाहतात तर सासूबाई सरबतासाठी बर्फ फोडतायत. हातात इनपुट शाफ्ट!

"अहो, काय करताय हे?"

"काय म्हणजे? बर्फ फोडतेय. जावईबापू, दांडा झकास आणलात हो! एका घावात दोन तुकडे."

"रेसिंगचा शाफ्ट आहे तो!"

"तरीच. किती भरभर चाललाय!"

तज्ज्ञांच्या अंगाचा तिळपापड झाला. तेवढ्यात सासूबाईंचाही पारा चढला. ओव्हनमध्ये त्यांनी केक ठेवला होता आणि केकला गॅरेजचा वास येत होता. "खाण्याच्या जागी लोखंड भाजणारा जावई मी पहिल्यांदाच पाहिला!"

"पोलादावर बर्फ फोडणारी सासू मीसुद्धा!"

वाद पेटला. तज्ज्ञ तोंडाने भांडत होते आणि हाताने गिअरबॉक्स जुळवत होते. शाफ्ट बेअरिंगमध्ये लोण्यात सुरी जावी तसा गेला. मग बाकीचे गिअर गेले, चाकांना फिरवणारा तो मोठा गोल गिअरही बसला. एकही नट उरला नाही. तज्ज्ञांना वाटलं, या क्षणी बँड वाजायला हवा होता. वाजत होत्या त्या सासूबाई.

शनिवारी दुपारी गिअरबॉक्स गाडीत चढला. गाडी गॅरेजमध्ये रस्त्याकडे तोंड करून उभी होती. तिच्या पाठीशी लाकडी दार, दारापलीकडे स्वयंपाकघर. बायको हेल्मेट घेऊन आली.

"आधी मी चालवून बघते."

"का? माझ्यावर विश्वास नाही?" तज्ज्ञ फणकाऱ्याने म्हणाले आणि स्वतःच आत बसले. (बसले म्हणजे कोंबले गेले. गाडी बायकोच्या मापाची होती.)

इंजिन गरजलं. शेजारी गोळा झाले. तज्ज्ञांनी सगळ्यांना हात केला, पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, आणि गाडी मागे निघाली.

चुकून रिव्हर्स पडला असेल, असं म्हणून त्यांनी घाईने दुसरा टाकला. गाडी दुप्पट जोमाने मागे निघाली. ब्रेक नावाची एक गोष्ट असते हे आठवेपर्यंत लाकडी दार फुटलं होतं आणि गाडीची शेपटी ओट्याला टेकली होती.

सासूबाईंनी गॅस बंद केला. धुरळ्यातून वाकून म्हणाल्या, "जावईबापू, आलाच आहात तर चहा टाकू?"

"कंपनीची चूक आहे ही!" तज्ज्ञ आतूनच ओरडले. "नवीन शाफ्टच सदोष आहे! मी तक्रार करणार आहे!"

बायकोने शांतपणे त्यांना बाहेर ओढलं, स्वतः बसली, रिव्हर्स टाकला आणि गाडी अलगद पुढे आणली. चाकांचा तो मोठा गोल गिअर तज्ज्ञांनी भांडणाच्या भरात उलट्या बाजूला बसवला होता. परिणामी गाडीला मागे जायला चार गिअर होते आणि पुढे यायला एक.

दादाला फोन गेलाच. तो हसत आला, आणि बहीणभावांनी मिळून गिअरबॉक्स पुन्हा उघडला. "दाजी, तुम्ही फक्त टॉर्च धरा," दादा म्हणाला. तज्ज्ञांनी धरला, पण ते प्रकाश पाडण्यापेक्षा चुका दाखवण्यासाठीच तो जास्त वापरू लागले, तेव्हा टॉर्चही काढून सासूबाईंच्या हाती देण्यात आला. तज्ज्ञ दाराच्या मोकळ्या चौकटीत खुर्ची टाकून संतापाने चहा पीत बसले. स्वतःच्या घरात, स्वतःच उघडलेल्या गिअरबॉक्सला हात लावायची बंदी!

रविवारी गाडी बाणासारखी सुटली. बायको पहिली आली. गळ्यात हार घालून तिने माइक हातात घेतला.

"या विजयाचं श्रेय मी माझ्या नवऱ्याला देते," ती म्हणाली.

तज्ज्ञ ताडकन उठले. कोटाचं बटण लावलं, मान लववली.

"कालपासून त्यांनी गाडीला हात लावला नाही, म्हणूनच हे शक्य झालं!"

टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. तज्ज्ञ तो संपेपर्यंत उभे राहिले. मग बसताना शेजारच्या अनोळखी गृहस्थांना रागाने म्हणाले, "पाहिलंत? आठवडाभर कोणी शब्दाने विचारलं नाही. पण शेवटी कबूल करावंच लागलं!"